बाबांच्या नावची वाडी

बोरिवली पूर्व,
२१ नोव्हेंबर १९८६

ती. दादास,
अनुपमाचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. कॉलेजच्या सहामाहीचे पेपर कालच तपासून संपले. वहिनीचा खोकला आता कसा आहे?

बाबांच्या वर्षश्राद्धासाठी मी आदल्या दिवशी मुलुंडला यावं आणि वाडीचा स्वयंपाक करावा, असं तू लिहिलंस. यादीही दिलीस. वडे, कोंबडीची सागोती, दोन उकडलेली अंडी. घराबाहेर वाडीचं पान मांडायचं आणि बाबांना जेवायला बोलवायचं. दादा, ती यादी वाचून माझं डोकं फिरलं. हेच पदार्थ तू दोन वर्षांपूर्वी एका कागदावर लिहून माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवले होतेस, वर 'बंद' असं लिहून. तू औषध कंपनीत, म्हणून घरात तुझा शब्द शेवटचा. बाबा राहायचे माझ्याकडे आणि पथ्य ठरायचं मुलुंडला.

एकदा मी घरी शिकवणीच्या मुलींना पेशीपटल शिकवत होते. पेशीच्या त्या पातळ आवरणात कोलेस्टेरॉल असतं, ते आवरणाला फार सैल पडू देत नाही, गारठ्यात ताठरूही देत नाही, आणि शरीर ते स्वतःच बनवतं, वगैरे. बाबा कॉटवर बसून ऐकत होते. मुली गेल्यावर म्हणाले, "अनू, तां माझ्या सगळ्या आंगात असा म्हणतस. मगे एक अंडा खाल्लंय तर काय होतला?"

मी म्हटलं, तुमच्या रक्तातलं वाढलंय. उत्तर चुकीचं नव्हतं. पण एका अंड्याने काही बिघडणार नव्हतं, हेही मला ठाऊक होतं. ते हसले आणि बिनमिठाची पेज प्यायले.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. शेवटच्या महिन्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता पथ्याचा उपयोग नाही, त्यांना हवं ते खाऊ द्या. मी कोणाजवळच बोलले नाही. तुझ्याशी वाद नको होता. शिवाय अंडं दिलं आणि त्यांना काही झालं, तर तू जन्मभर मला बोल लावशील, ही भीती. त्या भीतीपायी मी त्यांना पेजच पाजत राहिले. पंधरा दिवस ते अंडं मागत होते. मग मागायचं थांबले.

तुझ्यावर राग आहे, तो जाणार नाही. पण डॉक्टरांचं बोलणं तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

वाडी वहिनीला करू दे. मी येणार नाही. बाबांना जेवायला या म्हणायला मला तोंड नाही.

तुझ्या शब्दाबाहेर न गेलेली,
अनुपमा