कुटुंबातील व्यक्ती : एक

मंगळवार, दि. १४

प्रिय धाकटे,

आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुम्ही सगळे बरे असाल असं पत्रात धरून चालायची रीत आहे, तर तेही धरते. आईचा खोकला कमी आहे. मला नवा चष्मा लागला. डॉक्टर म्हणाले, मुद्रितशोधकाचे डोळे वयाच्या दहा वर्षं पुढे धावतात. जिभेचं काय होतं ते त्यांनी तपासलं नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "अगं ऐक ना ताई" म्हणतेस, मी ऐकते, आणि माझं बोलायचं राहून जातं. कागदाला मध्ये तोंड घालता येत नाही.

तर जागेची हकीकत. तुमच्या इमारतीत, त्या मेणबत्त्यांच्या जुन्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावरची एक जागा रिकामी झाली आहे आणि ती बेताच्या मिळकतीच्या माणसांसाठी राखून ठेवलेली आहे, ही बातमी मला तुझ्याकडून मिळाली नाही. तुझ्या दारासमोरची जागा असून. मिळाली ती छापखान्यात, जाहिरातीचं प्रूफ माझ्या टेबलावर आलं तेव्हा. 'सहकारी तत्वावर' यात एक त घातला, खाली वाचलं, आणि हातातली पेन्सिल तशीच राहिली. आमच्या घरमालकाला दोन महिन्यांत खोली रिकामी हवी होती. हे तुला मी सांगितलं होतं. तू म्हणाली होतीस, "मिळेल गं काहीतरी."

जागा स्वस्तात मिळते, पण नफ्याने विकता येत नाही; सोडायची तर सोसायटीलाच परत द्यायची. शिवाय ती ऐतिहासिक वस्ती. बाहेरच्या भिंतीत खिळा ठोकायचा तर परवानगी लागते, आणि परके लोक आपल्या खिडकीचे फोटो काढतात. मला सगळं मान्य होतं. मी अर्ज भरला. नियमाप्रमाणे तो हरकतींसाठी पंधरा दिवस तळमजल्यावरच्या फलकावर लागला. तू रोज त्या फलकासमोरून भाजीची पिशवी घेऊन जातेस.

बाराव्या दिवशी सोसायटीच्या चिटणीसबाईंनी बोलावलं. त्या दिवसभर दातांच्या दवाखान्यात असतात, त्यामुळे दुखणार असेल ते आधी सांगतात. म्हणाल्या, "हे जरा लागेल तुम्हाला." आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. सही नाही, नाव नाही.

"निनावी कागद आम्ही मानत नाही," त्या म्हणाल्या, "पण एकदा वाचल्यावर न वाचल्यासारखं कसं करायचं?"

मजकूर तुला पाठ असेल, तरी लिहिते. "उपर्युक्त अर्जदाराने कुटुंबात एकच व्यक्ती असल्याचे नमूद केले आहे. प्रत्यक्षात अर्जदाराच्या मातोश्री सोबत राहतात. त्यांच्या निवृत्तिवेतनाचा उल्लेख अर्जात नाही."

सव्वीस वर्षं मी लोकांची प्रुफं तपासते आहे. वकील, प्राध्यापक, मंत्र्यांची भाषणं लिहिणारे, सगळे 'उपरोक्त' लिहितात. उपरि अधिक उक्त म्हणजे उपर्युक्त, हे या गावात दोघींना ठाऊक आहे, आणि मी तो कागद टाइप केलेला नाही. 'निवृत्तिवेतन' सलग, आणि ति ऱ्हस्व. शिष्यवृत्तीच्या परीक्षेआधी मी तुझ्याकडून पन्नास पन्नास वेळा लिहून घेतलं होतं. तू रडली होतीस आणि आई माझ्यावर ओरडली होती. बये, गुन्हाच करायचा होता तर एखादी वेलांटी तरी चुकवायचीस.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. "ताई, हरकत आली म्हणे. कोण असेल गं? माणसं किती हलकी असतात." मी म्हटलं, "असतात." तू पुढे पाच मिनिटं कोण असेल याचा अंदाज बांधत होतीस. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यावरसुद्धा संशय घेतलास. त्या बिचाऱ्याला मापं लिहिता आली तरी पुष्कळ.

राग कसला आला, तर हरकतीचा नाही. हरकत खरी होती. तोंडावर म्हणाली असतीस, "ताई, तू खोटं लिहिलंयस," तर मी मान खाली घातली असती. पण तुला खऱ्याखोट्याशी काय करायचं होतं? अकरा वर्षं तू म्हणत आलीस, "आमचे जिने उंच, अंतर लांब, नाहीतर आईला मी नसतं का ठेवलं?" आता अंतर समोरासमोरच्या दोन दारांएवढं होणार होतं. आई दर दुपारी दार वाजवणार, एकच गोष्ट तीनदा विचारणार, तुझ्या मैत्रिणी बसलेल्या असणार. गेल्या वर्षी तुझ्याकडे चार दिवसांसाठी आली, तर दुसऱ्याच दिवशी परत आली; तिची पिशवी तू भरली होतीस. हे मला तिने सांगितलं नाही. पिशवी मी उघडली तेव्हा कळलं; आई कपड्यांच्या घड्या तशा घालत नाही.

आता माझं. सगळ्यांना मी सांगितलं की पेन्शन धरली तर मिळकतीची मर्यादा ओलांडली जाईल म्हणून आईला गाळलं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. 'कुटुंबातील व्यक्ती' हा रकाना भरताना आई समोर बसून सुईत दोरा ओवत होती. "माझं लिहिलंस ना गं?" तिने विचारलं. मी "लिहिलं" म्हणाले आणि 'एक' असा शब्द लिहिला. आणि धाकटे, तो लिहिल्यावर मला क्षणभर फार हलकं वाटलं. कोणी हाक मारणार नाही, कोणाचा खोकला ऐकत जागायला नको, अशी एक खोली दिसली मला. म्हणून तुझ्यावर इतका संताप आहे. तू केलंस ते मला पुरतं कळतं.

आता ऐक. चिटणीसबाईंनी माझा अर्ज उलटा केला. मागच्या बाजूला दोन माणसांच्या कुटुंबाची मर्यादा वेगळी छापलेली होती, चांगली घसघशीत. पेन्शन धरूनही आम्ही दोघी तिच्यात आरामात बसतो. मी मागचं पान वाचलंच नव्हतं. हे छापखान्यात कळलं तर प्रुफं काढून घेऊन मला बिलं फाडायला बसवतील.

"नजरचूक झाली असं लिहून द्या, संपलं," बाई म्हणाल्या. मी लिहिलं, "नजरचूक नव्हती. जाणूनबुजून लिहिले होते. आता दुरुस्त करीत आहे." समितीने आठ दिवस झुलवलं. काल मंजुरीचं पत्र आलं. तुझ्या कागदाशिवाय माझा अर्ज खोटाच राहिला असता, आणि पुढे कधीतरी जागाही गेली असती. आभार मानत नाही.

आई शेजारीपाजारी सांगत सुटली आहे की धाकटीने शब्द टाकला म्हणून जागा मिळाली. मी ते दुरुस्त केलेलं नाही आणि करणारही नाही. याला माझा मोठेपणा समजू नकोस. तिला खरं कळलं तर ती त्या इमारतीत पाऊल टाकणार नाही, आणि आम्हाला दुसरी जागा नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी येतो. आईला दुसऱ्या मजल्यानंतर दम लागतो. तिथल्या वळणावर एक खुर्ची ठेव, हात असलेली. उठताना तिला धरायला काही लागतं. मी खाली सामानाशी असेन, त्यामुळे वरच्या जिन्यावर तिचा हात तुला धरावा लागेल.

तुझ्या समोरच्या दारातली,
ताई