विहिरीनं भरला हिरवा चुडा

चैत्र वद्य ५, सन १९३२
कौशी आली! कामठीहून बैलाच्या दमणीत बसून, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत. माही एकुलती नात. लग्नाआधी मले पाटीवर ग म भ न शिकवलं ते हिनंच, म्हणून तर ही वही. सून गेली तवापासून घरात दोघंच, मी न् माहा शंकर. आज घर भरलं. कैरी पायजे म्हणते, चिंच पायजे म्हणते, न् पाणी तर इतकं पिते की भरला गुंड पुरत नाही. शंकरनं लेकीची विचारपूस केली न् लगेच रंगाच्या भट्टीवर. विलायती पुडीचा लाल रंग आणला त्यानं. आम्ही लाल रंगासाठी आलाच्या झाडाची मुळं उकळत पंधरा-पंधरा दिवस बसत होतो, हे घंटाभरात लालभडक. पाहून माहंही मन हरखलं, खोटं काहून लिहू.

वद्य ८
शेजारची सगुणा ओरडत आली, "माय वं, विहिरीत कुंकू उतरलं!" धावली मी. पाणी खरंच गुलाबी. सारी गल्ली नारळ घेऊन हजर. सगुणा तांब्या भरून कौशीपाशी. "पी वं पोरी, देवीचं तीर्थ हाय, पोटुशीनं आधी प्यावं." कौशी गटागटा प्याली. मीही बोट बुडवून चाटलं. कडू. हा कडू मी ओळखते. रंगवलेल्या रेशमाची लड धुतली की त्या पाण्याले...
पुढं लिहवत नाही.

वद्य ९
शंकरले म्हणलं, "तुह्या भट्टीमागच्या खड्ड्यात सोडलेलं रंगाचं पाणी विहिरीत उतरून राहिलं."
"माय, मधात वीस हात जमीन हाय. पाणी काय घुशीवानी बीळ करून जाते?"
"घुशीले तरी अडवता येते गा."
हसला न् उमरेडले रेशीम पोचवाले निघून गेला. कौशीले दोनदा ओकारी. सगुणा म्हणे डोहाळे. सातव्या महिन्यात कसले डोहाळे? पाच बाळंतपणं झाली माही, न् मलेच शिकवते. आहे म्हणा सुईण, पण तरी.

वद्य १२
तीन दिवस भट्टी बंद, न् विहीर निवळली. बाया म्हणतात देवी रुसली, आरती करा. मले मात्र एक सुचलं. दुपारी सारे आडवे झाले तवा हिरव्या रंगाची आख्खी पुडी आमच्या खड्ड्यात ओतली, वरून आठ गुंड पाणी. लाल कोणाचा का असेना, आता हिरवं आलं तर आमचंच.
कौशीसाठी सडकेवरच्या नळाचं पाणी आणून राहिली. चालून चालून टोंगळे बोंबलतात. पण बाकी गल्ली काय पिईन? हे रंगाचं पाणी आता मीच पाजून राहिली. डोक्यात आलं तवा पुडी ओतून झाली होती.

अमावस्या
पाणी साधंच. शंकरचंच खरं निघो देवा.

वैशाख शुद्ध १
हिरवं! पोपटाच्या पंखावानी! लहान पोट्टीवानी टाळ्या पिटल्या मी विहिरीवर. बिनशिकल्या बुढीचं खरं निघालं! तेवढ्यात सगुणा आली. "पाह्य वं, देवीमायनं हिरवा चुडा भरला! आधी कुंकू, आता चुडा. कौशी सुखरूप सुटते." माह्या टाळ्या पाहून तर तिची पुरी खात्री पटली. मी म्हणलं, "चुडा कायचा वं, रंग हाय तो. मीच टाकला आमच्या खड्ड्यात." साऱ्या हसल्या. "पणतूच्या आनंदानं बुढी बह्याड झाली!"
घरी आली तर कौशीच्या हातात तांब्या. "आजी, एक घोट घेऊ दे. साऱ्या जणी पिऊन राहिल्या. मी नाही प्याली न् काही इपरीत झालं, तर मलेच बोल लावतीन." तांब्या हिसकला. सांडला. रडली पोरगी. मीही.

शु. २
शंकर आला, विहिरीत डोकावला, न् तडक रंगाच्या पुड्या मोजाले गेला. हिरवी पुडी तर त्यानं उघडलीच नव्हती.
"माय, तूच?"
"मीच."
दार लोटून घेतलं त्यानं. मंग हळूच म्हणे, "आता गल्लीत बोलू नको. देवीले बाटवलं म्हणतीन. कौशीची सुईण सगुणाच हाय, इसरू नको."
तेही खरंच आहे.

शु. ३, आखजी
पितरांच्या घागरी भराले साऱ्या बाया विहिरीवर. मी पांढऱ्या रेशमाची लड घेऊन गेली. बादलीभर पाणी काढलं, लड बुडवली न् दगडावर बसली. "काय करते वं बुढी?" बसूनच राहिली. मंग लड पिळली. हिरवी. नळाच्या पाण्यात धुतली. तरी हिरवी. कोष्ट्याच्या बाया त्या, जनम रंगीत सुतात गेला. देवीच्या चुड्यानं रेशीम रंगत नाही, हे त्यांले कोणी सांगाले पायजे काय? सगुणानं लड हातात घेतली, हुंगली, न् आपली भरलेली घागर तिथंच उपडी केली. माह्याकडं पाहिलं नाही. घरात जाऊन दार लावलं. दोघीतिघींनी तरी घागरी भरून नेल्याच.

शंकर कुदळ घेऊन खड्डा बुजवून राहिला. म्हणलं, "मंग रंगाचं पाणी कुठं सोडशील?"
"नाल्यात."
"नाला कोणाच्या विहिरीपासून जाते गा?"
कुदळ फेकून दिली त्यानं.

तिसरा प्रहर. कौशी म्हणते सकाळपासून लेकरू हललं नाही. हलन, हलन. एक हात तिच्या पोटावर, दुसऱ्यानं लिहून राहिली. शंकर सगुणाच्या दारात उभा आहे, मले इथून दिसते. दोनदा कडी वाजवली त्यानं. आता तिसऱ्यांदा.