दाजींनी दिलेलं मशीन

प्रिय ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? आणि दाजींचा रक्तदाब? (त्यात माझ्यामुळे वाढलेला किती, तेही कळव.) मी ठीक आहे. जेवण जातं, झोप तेवढी लागत नाही.

परवा कारखान्यात काय झालं ते दाजींनी सांगितलंच असेल, पण रागात असले की ते दोन वाक्यांच्या पुढे जात नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या शिवणवर्गाला त्यांनी कारखान्यातल्यासारखं विजेवरचं नवं मशीन दिलं. मुलींचा त्यावर हात बसू दे, मग दरवर्षी कामाला तुझ्याच वर्गातल्या मुली घेतो, असं म्हणाले. माझा आनंद गगनात मावेना. आता एवढं महागडं मशीन, तेही बहिणीच्या घरचं! मी ते तळहाताच्या फोडासारखं जपलं. वर्गात न ठेवता माझ्या खोलीत ठेवलं. वरचं प्लास्टिक काढलं नाही (आपल्या सोफ्याचं तरी कुठे काढलं होतं? उन्हाळ्यात उठताना पाय सोलून निघायचे). मुली दारात उभ्या राहायच्या, मी पट्टीने एकेक भाग दाखवायचो, त्या घडाघडा नावं म्हणायच्या. शिवायच्या मात्र पायाच्या जुन्या मशीनवर. पाहुणे आले की नव्या मशीनशेजारी फोटो. दाजींचे आभार मानणारी पाटीही लावली होती.

परवा निवडीसाठी मुलींना घेऊन गेलो. दाजींनी भाग विचारले. पोरींनी असे सांगितले की दाजी माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले (तुमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच). मग म्हणाले, बसा आता, शिवून दाखवा. एकही जागची हलेना. वर्गात जिला सगळ्या झपाटा म्हणतात, जी जुन्या मशीनवर गप्पा मारता मारता उशांच्या अभ्र्यांचा ढीग लावते, ती कशीबशी बसली, हात मांडीवर ठेवले आणि हळूच मला म्हणाली, "सर, हात लावला तर चालेल?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. ताई, मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. मी मशीन जपत बसलो आणि पोरींना शिकवली ती फक्त भीती. येताना बसमध्ये त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. झपाटाने तर उठून मला खिडकीची जागा दिली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दाजींनी एकीलाही घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात माणूस पाठवून मशीन परत नेतो म्हणाले, पुन्हा आमच्याकडे मुली मागणार नाही असंही म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. मला काही मागायचं नाही, मागायला तोंडही नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे पत्र खरं तर दाजींसाठीच आहे. माझं अक्षर पाहून ते पाकीट उघडणार नाहीत. त्यांचं जेवण झाल्यावर (आधी नको) वाचून दाखव. कंसातलं गाळ.

आणखी एक : मशीन आता वर्गात आहे आणि मुली त्यावरून उठायचं नाव घेत नाहीत. होत्या नव्हत्या तेवढ्या सुया मोडल्या. तसल्या सुया इथल्या दुकानात मिळत नाहीत, कारखान्यातच असतात. तेव्हा दाजींना म्हणावं, मशीन न्यायला जो माणूस येईल त्याच्याबरोबर सुयांचं पुडकं पाठवा. माणूस उशिरा आला तरी चालेल, सुया लगेच हव्यात.