फिरता खांब

अंकारा, १३ नोव्हेंबर १९६७

ती. सादेत्तिनमामांस निलग्युनचा सलाम, दोन्ही हातांना ओठ टेकवून.

काल घडलं ते असं:
१. तुमच्या मशिदीत, नमाजाची दिशा दाखवणाऱ्या मिहराबाच्या कोनाड्याशेजारचा डावा संगमरवरी खांब मी फिरवून पाहिला. फिरला नाही.
२. उजवा फिरला.
३. थंडीनं तो तुमच्या गुडघ्यासारखा आखडला असेल, असं तुम्ही म्हणालात. सगळे हसले.

मी इमारतींची इंजिनिअर आहे, मला हसता आलं नाही. चारशे वर्षांपूर्वी बांधणाऱ्यानं ते बारीक खांब खाचेत मोकळे ठेवले, ते शोभेसाठी नाहीत. भार नसतो म्हणून ते फिरतात. डावा अडकला, याचा अर्थ भिंत खचून वरचं वजन त्याच्यावर आलं आहे. आणि वर घुमट आहे. तुम्ही इमाम आहात. तपासणी होईपर्यंत दाराला कुलूप लावा.

मामीला सलाम. राग आला तरी लोभ ठेवा.
निलग्युन

आमास्या, २० नोव्हेंबर

चि. निलग्युनला मामाचे भरभरून आशीर्वाद.

पोरी, तुझ्या पत्रानं मामीच्या घशाखाली घास उतरेना. आता ऐक, खांब फिरतोय! झुल्फू पाथरवटानं वरून नखभर तासला, की झाला मोकळा. शुक्रवारी म्हाताऱ्यांनी रांग लावून फिरवला; काहींनी तर डोळे पुसले. एकोणचाळीसच्या भूकंपानंतरही लोकांनी आधी तो खांबच फिरवून पाहिला होता. तो फिरतोय तोवर मशीद उभी, हे मीच तुला शिकवलं ना? बाईसाहेबांना भेगा बऱ्या दिसतात, नवरा मुलगा तेवढा दिसत नाही, असं मामी म्हणते. पंधरा दिवसांवर आलेल्या रमजानच्या पहिल्या रात्रीपासून बायकांसाठी वरचा सज्जाही उघडतोय. तू ये.

आहे तशीच माया असू दे.
तुझा मामा

अंकारा, २५ नोव्हेंबर

ती. मामांस सलाम.

भिंत होती तशीच आहे. तुम्ही फक्त तिची तक्रार तासून टाकलीत. खांबावर आलेलं वजन आता कुठे टेकलं आहे, मला माहीत नाही.

पत्र मिळताच खांब हलक्या हातानं फिरवा. पुन्हा अडकत असेल, तर भिंत अजून खाली बसते आहे. फिरला तरी कुणाला आत घेऊ नका. मामीला सज्ज्यावर चढू देऊ नका. नमाज अंगणात पढा, बर्फ पडला तरी. लोक हसले तर माझं नाव सांगा.

मला भीती वाटते. हे मी सहसा कुणाला लिहीत नाही.

कुलूप लावलं की नाही, ते गुरुवार, तीस तारखेपर्यंत तारेनं कळवा.
निलग्युन