गोमाईच्या उगमाची सहल

ता. ४ एप्रिल १९३५

सहल ठरली एकदाची! कोर्टाला सुट्टी लागली की तोरणमाळ, तिथून गोमाईच्या उगमापर्यंत. ह्यांच्या वकील मित्रांना डोहात पोहायचंय, बायकांना डोलीतून घाट चढायचाय. दशम्या, शेव, लोणची, सतरंज्या — सगळं माझ्या डोक्यावर. पुरुषांनी नुसता नकाशा पसरून बोटं फिरवायची. तरी मला हौस आहे. लग्न झाल्यापासून शहादा सोडून कुठे गेलेय मी!

ता. ९

खालच्या आळीत पटकी.

ता. ११

मरीआईचा गाडा वाजतगाजत ढकलत उत्तरेच्या शिवेबाहेर नेऊन सोडला. पुढचं गाव पुढे ढकलेल. रोग गेला म्हणे. कसला जातोय! संध्याकाळी शेजारची सून गेली.

माझी आधीची दोन लेकरं गेली म्हणून ह्या लेकीचं नाव दगू ठेवलं, दगडासारखी टिकावी म्हणून. हिला काही झालं तर मी विहीर जवळ करीन.

ता. १३

ह्यांच्या मागेच लागले — दगूला आत्ताच पुढे पाठवा. आमचा पहिला मुक्काम घाटाखाली, नदीकाठच्या होळ्या भिल्लाच्या पाड्यावर. भिला गाडीवान सामान घेऊन पुढे जाणारच आहे, त्याची बायको मंगलाबाई सोबत जाऊन दगूला सांभाळील. हे कबूल झाले. पण पाड्याची माणसं मरीच्या गावचा माणूस आत घेत नाहीत. काटे टाकून वाट बांधतात, मग कोणी का असेना, परत पाठवतात.

ता. १४

होळ्याची बायको हिरीबाई लोणखेड्याच्या मळ्यात भेटली. दरवर्षी चारोळी तिथेच देते, शहाद्यात शिरत नाही. गाडा सोडल्याचं तिच्या कानावर आलं होतं. गावात मरी आहे का, विचारलं. मी म्हटलं, छे गं, दर साली सोडतात तसाच सोडला.

"तू सांगस ना, मंग झायं," म्हणाली.

ता. १६

गाडी गेली. दगू घुंगरांवर खूश, रडलीसुद्धा नाही. भिलाचं तोंड उतरलेलं. पोटात मुरडा येतो म्हणाला. मी म्हटलं, उन्हाने असेल.

ता. १७

हे म्हणतात, उगमापाशी सगळ्यांचा फोटो काढू. कोणतं लुगडं नेऊ?

ता. २०

पाड्याकडून बातमी आली, भिला मरीने गेला. पाठोपाठ मंगलाबाई. नदी आटलेली, वाळूत झिरा काढलाय, अख्खा पाडा त्याचंच पाणी पितो. भिलाने त्याच्यातच धोतर धुतलं. आता घरोघर मरी.

हे तसेच घोड्यावर बसून गेले. पाड्याच्या माणसांनी तीरकमठे रोखले. आत कोणी नाही, बाहेर कोणी नाही. दगू आत आहे.

ता. २२

वकीलमंडळी विचारून गेली, सहल मेमध्ये ठेवायची का. मी दार लावून घेतलं.

ता. २९

दगू आली! होळ्याचा भाऊ नारसिंग खांद्यावर घेऊन आला. काडी झालीय, पण जिवंत आहे. हिरीबाईने मांडीवरून खाली ठेवली नाही म्हणे, चमच्या-चमच्याने पेज पाजली. हिरीबाईची स्वतःची दोन्ही पोरं गेली.

तिने एवढंच विचारायला सांगितलंय — "तुले माहीत व्हतं का?"

हे आतून मानेने खुणावताहेत, नाही म्हण. नारसिंग ओट्यावर बसलाय. उत्तर घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणतो.