मोनूचा लाकडी बैल

प्रिय दादा,

नाही, मी नाही मानत. तू फोन आपट, शिव्या दे, तरी मी हेच म्हणीन का शकुनबाईनं तुझ्या मोनूले काही केलं नाही. "तू गावात नव्हता, तुले काय समजते," हे मले किती वेळा ऐकवशील? नव्हतो. मोनूच्या मातीलेही पोचलो नाही. त्याचा राग हाये तर माझ्यावर काढ, शेजारच्या म्हाताऱ्या विधवेवर कायले?

तान्ह्या पोळ्याचं वहिनीनं सारं सांगितलं. मोनू बैल ओढत घरोघरी फिरला. शकुनबाईनं बोजारा म्हणून त्याच्या हातावर दहाची नोट ठेवली, गालाचा मुका घेतला. रात्री ताप भरला. पहाटे झटके, डोळे फिरले, दातखीळ बसली, अन दुपारी भंडाऱ्याच्या दवाखान्यात सारं संपलं. मग चार लोकांनी करणी केली म्हणून तिच्याकडं बोट दाखवलं अन तू तिले केसाले धरून अंगणात ओढलं. बैल हाकायची तुतारी नाही घेतली, काठी नाही घेतली, मोनूचाच लाकडी बैल घेतला. चाक तुटेपर्यंत मारलं. तिचा उजवा हात कोपरातून मोडला, तोंडातून रक्ताची धार लागली, अन गाव पाहत राहिलं. तो बैल मी पवनीच्या बाजारातून आणला होता, दादा. पोराले खेळायले आणला होता.

आता माझं ऐक. इथं गुजरातेत, टाइल्सच्या कारखान्यात, आमच्या खोल्यांच्या ओळीत आखाडात असंच एक पोरगं गेलं. तसाच ताप, तसेच झटके. त्याच्या बापानं शेजाऱ्याच्या डोक्यात वीट घातली. दुसरं पोरगं पडलं तेव्हा त्याचं रक्त तपासलं, अन समजलं का चांदिपुरा नावाचा रोग हाये. नाव आपल्याच नागपूरकडच्या गावाचं. वाळूमाशी चावते, त्यानं होते. मच्छरापेक्षा बारीक, केसाळ, कानाजवळ आली तरी आवाज नाही. दवाखान्याच्या बाईनं टॉर्च मारून भिंतीवर दाखवली, टुणटुण उड्या मारत होती. मातीच्या भेगेत, गोठ्याच्या ओलीत राहते अन अंधारात चावते. मोठ्याले सहसा काही होत नाही, लहान पोरगं एका दिवसात जाते.

मोनू कुठं झोपत होता? सारा श्रावण तुझ्यापाशी, गोठ्यात, बैलाच्या बाजूले खाटेवर. पोळ्याचे बैल नजरेआड नको म्हणून तू तिथं, अन तुझ्याशिवाय त्याले झोप नाही. तुझी चूक म्हणून नाही सांगून राहिलो. आपण दोघंही बाबाजवळ तसेच झोपलो, आपल्याले झालं नाही, त्याले झालं. फवारणीवालेही येऊन गेले होते. पण भिंतीवर पांढरे डाग सणाले कसे ठेवायचे? साऱ्या गावानं शेणामातीनं सारवून टाकलं, आपल्याही घरी वहिनीनं तेच केलं. औषध राहिलं मातीखाली. वहिनीवर हात उचलशील तर माझ्याशी गाठ हाये.

हे पत्र कायले लिहिलं ते सांगतो. तू माझा फोन उचलत नाही, म्हणून गावाकडं निघालेल्या बंटीच्या हातानं पाठवून राहिलो. काल वहिनी फोनवर रडत होती. शकुनबाई सोमवारी दवाखान्यातून घरी येते, अन तू कुऱ्हाडीले धार लावून बसला. म्हणतो, यावेळी अर्धं सोडत नाही. दादा, तिनं पोलिसाले काय सांगितलं माहीत हाये? विहिरीच्या पायरीवरून पडली म्हणे. तुझं नाव घेतलं नाही. तू तिले तोडशील, जेलात जाशील, अन माशी त्याच भिंतीत राहीन. तिथं आता आपली हर्षा झोपते, भावाची खाट सोडत नाही म्हणून हट्ट करते. तिले आजच घरात घे, बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपव. तुले काही फोडायचंच हाये तर सब्बल घे अन गोठ्याची ती फुटकी भिंत पाड. बाकीच्या भेगा लिंप, शेणाचा ढीग दूर ने, फवारणीवाल्याले परत बोलाव, अन यावेळी वरून सारवू नका.

शकुनबाईच्या इलाजाले पैसे पाठवून राहिलो, ते बंटी तुझ्याच हातात देईन. त्यातला एक रुपया घरात ठेवू नको. सोमवारी कुऱ्हाड वहिनीजवळ देऊन शकुनबाईच्या दारात जा, अन ते पैसे तिच्या डाव्या हातात ठेव, उजवा तर तूच मोडला. सहा हजार आठशे रुपये.

तुझाच,
गोलू