चेंडू वर गेल्यावर

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे मी ठीक आहे. कारखान्यात दिवसभर लेथपुढे उभं राहून पाय भरून येतात, पण संध्याकाळी मैदानावर गेलं की शीण पळायचा. आता तिथेच जीव नको होतो. महिनाभर माझ्या हातून उंच झेल सुटताहेत. मी सीमारेषेवर असतो, चेंडू वर जातो आणि मध्येच गडप होतो. पुन्हा दिसतो तेव्हा नाकासमोर आलेला असतो. पोरं मला ‘चाळणी’ म्हणू लागलीत. पुढच्या महिन्यात अंतिम सामना आहे आणि कप्तान मला बसवायच्या विचारात आहे.

तू शाळेत भौतिकशास्त्र शिकवतेस, तर चेंडू कुठे पडणार हे ओळखायची युक्ती सांग. आप्पांना नमस्कार. लोभ असावा, झेल सुटले तरी तो सुटू नये.

तुझा धाकटा

१० फेब्रुवारी

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

‘चाळणी’ वाचून पोट धरून हसले. आता ऐक. चेंडू सुटला की त्याला फक्त पृथ्वीची ओढ उरते. पुढे जायचा वेग तोच राहतो, वर जायचा मात्र घटत जातो, माथ्यावर संपतो आणि चेंडू कमान पुरी करत खाली येतो. तो नजरेला एकसारखा वर चढताना दिसला, तर तू बरोबर जागी आहेस. झपाट्याने चढला तर मागे सर, चढायचा मंदावला तर पुढे धाव.

एक मात्र मला कळेना. माथ्यावर चेंडूचं वर-खाली होणं जवळजवळ थांबतं, तिथे तो सगळ्यांत सहज दिसायला हवा. तुझा कुठे गडप होतो? तोंडावर ऊन येतं का? लगेच कळव.

तुझी ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ऊन पाठीशी असतं. एका मित्राला हातानेच चेंडू उंच फेकायला लावला. मी पळत होतो आणि तो अगदी माथ्यावरच नाहीसा झाला. मान पार मागे टाकली तेव्हा सापडला. मला वाटतं चेंडू जुने झालेत, रंग उडालाय. नवे मागवलेत. तू उगाच घोर लावून घेऊ नकोस. माया आहेच, ती तशीच ठेव.

तुझा धाकटा

२१ फेब्रुवारी

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मान मागे टाकल्यावरच चेंडू दिसतो, म्हणजे दोष चेंडूत नाही, तुझ्या वरच्या नजरेत आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आजच जा.

आप्पा दिवे मंद झाले म्हणत राहिले आणि आपण मुकाट्याने बल्ब बदलत राहिलो. काचबिंदू दुखत नाही रे, म्हणून कळत नाही, आणि तो बापाकडून मुलांत उतरू शकतो. आज ते भिंतीला हात लावत न्हाणीघरापर्यंत जातात आणि दार अर्धवट उघडं नाही ना, हे बघत मी मागे चालते. तुझ्या मागे असं चालायची माझ्यात ताकद नाही. सामना गेला खड्ड्यात. मी थोरली असून तुझ्या पाया पडते.

तुझी ताई

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस, मी टाळत होतो. सामना खेळून मग जाऊ असं ठरवलं होतं. परवा चेंडू गालफडावर बसला, तेव्हा घाबरून गेलो. काचबिंदूच आहे. दोन्ही डोळ्यांची वरची थोडी नजर गेली, ती परत येणार नाही. उरलेली थेंबांनी टिकेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कप्तानाला मीच सांगितलं की मी बाहेर बसतो. चेष्टा करणारे गप्प झाले, ते जास्त लागलं.

बाईंनी भावंडांची चौकशी केली. एक थोरली बहीण आहे म्हटलं. तिला विनाविलंब तपासायला हवं, असं त्यांनी बजावून सांगितलं आहे. दाखवलंस का ते कळव.

तुझा धाकटा

१२ मार्च

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

तुझे डोळे टिकतील हे वाचून मी रडले. आप्पांना पत्र वाचून दाखवलं. मी डोळे दाखवायला कधी जाणार, एवढंच त्यांनी विचारलं.

तुला एवढं सुनावलं, पण मी स्वतः दोनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. मला सगळं नीट दिसतं, असं घरी येऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी माझा चेहरा चाचपला.

शनिवारी ये. समजूत घालू नकोस, फक्त हात धरून मला आत ने.

तुझी भ्यालेली
ताई